डॅलसला येताय? टिप बजेटमध्येच धरा

तुम्ही विचारलंय की पुण्याहून नोकरीसाठी डॅलसला येतोय, तिथे टिप द्यावीच लागते का, किती, आणि वेटरचा पगार मालकाने द्यायचा सोडून मी का द्यायचा? शिवाय बायको एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) येणार, तिला एखाद्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम करता येईल का? मी आधी डॅलसजवळ राहायचे, आता सिॲटलला आहे. दोन्हीकडचं सांगते.

आधी तो पगाराचा प्रश्न. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं, आणि हा आकडा तर १९९१ पासून हललेला नाही. वरचे ५.१२ टिपमधून आले असं धरायचं. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, पण हिशेब अख्ख्या आठवड्याचा. म्हणजे मंगळवारी दुपारी रिकाम्या टेबलांमध्ये काढलेले तास शनिवारच्या गर्दीत जिरवून टाकायचे. आणि फरक मागायला गेलेल्या वेट्रेसला पुढच्या शनिवारची शिफ्ट मिळेल का, हे तुम्हीच ठरवा.

डॅलस ज्या राज्यात येतं त्या टेक्सासने हाच २.१३ चा आकडा ठेवलाय. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन (सिॲटलचं राज्य), ऑरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का इथे मालकाला ही सवलत नाही. सिॲटलमध्ये २०२५ साली किमान वेतन २०.७६ डॉलर होतं, वेटरलासुद्धा. (टिप इथेही सगळे देतात, ती सवय काही जात नाही.) म्हणून सिॲटलमध्ये कोणी टिप बुडवली तर मी फार तर नाक मुरडेन, डॅलसमध्ये मात्र तुम्ही त्या माणसाची मजुरी बुडवलेली असते. कित्येक ठिकाणी वेटरला आपल्या विक्रीच्या ठरावीक टक्के रक्कम बारटेंडरला आणि टेबलं आवरणाऱ्या मुलांना द्यावी लागते. तुम्ही शून्य ठेवलंत तर तुमच्या टेबलाचा तो वाटा त्याच्या बाकीच्या टिपमधून जातो.

मालकाने पूर्ण पगार द्यावा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनी २०१५ पासून आपल्या रेस्टॉरंटमधली टिप बंद करून मेनूचे दरच वाढवले होते. २०२० मध्ये टिप परत आली. एकट्यादुकट्या मालकाला हे पेलत नाही, त्यासाठी कायदाच बदलावा लागेल. तोवर आपल्या तत्त्वाचा भुर्दंड वाढणाऱ्याच्या माथी मारू नका. आपल्याकडची काही मंडळी ‘मी हे मानत नाही’ म्हणत ऐटीत उठतात, तेव्हा मला शरम वाटते. त्यांना त्या पद्धतीतला स्वस्त मेनू मात्र चालतो.

आता व्यवहाराचं. टेबलावर वाढत असतील तर १८ ते २० टक्के, तेही टॅक्सच्या आधीच्या रकमेवर. दोघांचं जेवण ६० डॉलरचं झालं तर डॅलसमध्ये ८.२५ टक्के टॅक्स म्हणजे ४.९५, टिप १०.८०, एकूण ७५.७५. मेनूतल्या आकड्याच्या सव्वापट खर्च धरा. बफेला दहा टक्के पुरतात. काउंटरवर कॉफी घेताना स्क्रीन तुमच्याकडे फिरवतात आणि त्यावर १८, २०, २५ असे आकडे असतात. तिथे बिनधास्त ‘नो टिप’ दाबा, पार्सललाही तेच. ॲपवरून जेवण मागवलंत तर मात्र द्या. डिलिव्हरी फी म्हणजे ड्रायव्हरची टिप नव्हे, आणि रक्कम फारच कमी दिसली तर ड्रायव्हर ऑर्डर उचलतच नाहीत. केस कापणाऱ्याला १५-२० टक्के, हॉटेलात खोली साफ करणाऱ्यांना रोजचे दोन-पाच डॉलर. ते रोजच्या रोज ठेवा, कारण उद्या दुसरीच बाई येऊ शकते.

कार्डाने पैसे देताना स्लिपवर टिप आणि एकूण रक्कम हाताने लिहून सही करायची असते. बँकेच्या ॲपवर आधी टिपशिवायची रक्कम दिसते, एक-दोन दिवसांनी वाढलेली. घाबरून बँकेला फोन करू नका. सहा-आठ जण मिळून गेलात तर बिलात १८-२० टक्के आधीच लावलेले असू शकतात, म्हणून बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल. भारतात २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमावलीवर बोट ठेवून सर्व्हिस चार्ज काढायला लावता येतो. तो हिसका इथे चालणार नाही, मेनूवर तळाशी छापलेलं असतं. आणि कायद्याने असा सक्तीचा चार्ज रेस्टॉरंटचा, वेटरचा नव्हे. त्याला किती मिळतं ते सरळ त्यालाच विचारा, कोणी रागावत नाही.

‘टिपवरचा कर माफ झालाय’ असंही कुणीतरी सांगेल. २०२५ ते २०२८ साठी वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपवर केंद्रीय आयकरात वजावट आहे, इतकंच. सोशल सिक्युरिटीची (सरकारी पेन्शनसाठीची) कपात सुटत नाही, आणि ज्याचं उत्पन्न मुळात कर लागण्याइतकं नाही त्याच्या हातात काहीच पडत नाही.

बायकोच्या कामाबद्दल: वर्क परमिट हातात येईपर्यंत नाही. एच-४ वर ते साधारणपणे तुमच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावरच मिळतं. ओळखीचा मालक ‘कागदपत्रं कशाला, रोख देतो’ किंवा ‘पगार नाही, टिप सगळी तुमची’ म्हणेल, आणि तोही बहुतेक आपल्यापैकीच असेल. पहिल्याने तिचा व्हिसा धोक्यात येतो. दुसरं सरळ बेकायदा आहे, कारण टेक्सासमध्येही ते २.१३ द्यावेच लागतात आणि टिपमधला हिस्सा मालकाला किंवा मॅनेजरला घेता येत नाही. परमिट आल्यावर खुशाल करू दे, पण तासांची नोंद तिने स्वतःच्या वहीतही ठेवावी.