सातारा की नवोदय? आधी लेकराला डॉक्टरांकडे न्या

देगलूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा पाचवीत आहे. साताऱ्याची सैनिक स्कूल आणि जिल्ह्यातली नवोदय, दोन्ही निवासी शाळांत सहावीसाठी त्याची निवड झाली. वडिलांचा ओढा साताऱ्याकडे, कारण 'नवोदय काय, आपल्याच जिल्ह्यातली, फुकटची'. शेवटी लिहितात, 'तयारीसाठी वर्षभर नांदेडला निवासी अकॅडमीत ठेवला. तेव्हापासून रात्री अंथरूण ओलं करतो. साताऱ्याला गेला की सवय मोडेल.'

नमस्कार,

गणिताचे, बुद्धिमत्तेचे मार्क तुम्ही सविस्तर लिहिलेत. अंथरुणाची गोष्ट मात्र दोन ओळींत उरकलीत. मला त्याच ओळींची काळजी वाटते.

ही सवय नव्हे. इतकी वर्षं कोरडा झोपणारा मुलगा दहाव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओलं करू लागला, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या. पोट साफ होत नसेल तरी असं होतं. तपासण्या नीट आल्या, तर मनावरच्या ताणाचा विचार करावा लागेल. लेकरू मुद्दाम करत नाही. रागावून, चारचौघांत बोलून हे वाढतं. आणि अशा पोराला तुम्ही जूनमध्ये डॉर्मिटरीत पाठवणार? सगळे उठायच्या आत चादर कुठं लपवू, या धास्तीत ज्याची पहाट उजाडते, तो पीटीत आणि वर्गात काय लक्ष देणार?

'सगळ्या पाव्हण्यांत सांगून झालंय, आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा नाही,' असं तुम्ही म्हणता. अहो, पाव्हणे आठ दिवसांत विसरतील. तिथं सात वर्षं काढायची आहेत ती पोराला. त्याला काय वाटतं, हे एवढ्या मोठ्या पत्रात कुठंच नाही. त्याच्या आईला काय वाटतं, तेही नाही.

'एकदा सैनिक स्कूलला गेला की ऑफिसर झालाच,' हा समज आपल्याकडं घरोघरी आहे. साताऱ्याची शाळा 1961 ची, देशातली पहिली सैनिक स्कूल. तिचं नाव कमावलेलं आहे. पण तिथल्या मुलांसाठी एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, राखीव जागा नसतात. त्यांनाही यूपीएससीचा तोच पेपर, सैन्यदलाच्या निवड मंडळाची (एसएसबी) तीच मुलाखत आणि तीच मेडिकल. देगलूरच्या कॉलेजातून बारावी झालेला मुलगाही त्याच रांगेत उभा राहतो. लष्कराच्या जागांसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलाला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. शाळा शिस्त देते, मैदान देते, तयारी करून घेते. ज्याला हे मनापासून आवडतं, त्यानं जरूर जावं. तुमच्या मुलाबद्दल मला एवढंच कळलं की तो आजोबांबरोबर शेतात जातो, मोटारीचा स्टार्टर खोलून बघतो आणि त्यासाठी त्यानं मार खाल्लाय. ज्या गोष्टीत त्याचं मन रमतं, तिच्यासाठीच मार!

नवोदयला फुकटची म्हणून हिणवू नका. आपल्या जिल्ह्याच्या नवोदयला, शंकरनगरला, सहावीच्या फार तर ऐंशी जागा, त्यातल्या किमान पाऊणशे टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. तिथं निवड होणं सोपं नाही. शिवाय घर जवळ. दोन्हीतलं एकच निवडायचं असतं, तर मी तेच सांगितलं असतं. पण तेही वसतिगृहच आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: यंदा कुठंच पाठवू नका. सहावी गावातच करू द्या. 'अशी संधी पुन्हा नाही,' हे खरं नाही. नववीला दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते, दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही संस्था आहे, बारावीनंतर एनडीए आहेच.

निर्णय झाला की आधी त्याला सांगा, तेही आईसमोर. 'तुझ्यामुळं संधी गेली' हे वाक्य आज नाही आणि पुढं कधी भांडणातही नाही. मग दोन्ही शाळांना लगेच कळवा, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या लेकरांना त्या जागा वेळेत मिळतील.