वाचकांचे प्रश्न : आयुष्मानचा नंबर नेमका कोणता?

प्रश्न : सुदामानगरात माझं एमपी ऑनलाइनचं, म्हणजे सरकारी अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. बरेच ग्राहक आयुष्मानचा, म्हणजे सरकारच्या मोफत उपचार योजनेचा ‘नंबर काढून द्या’ म्हणत येतात आणि आभा कार्ड पुढे करतात. काहींचं नाव सापडतं, पण ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) अडकते. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी समोरचा कागद ओळखा. आधार 12 अंकी, आभा 14 अंकी, समग्र (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबांची नोंदणी) कुटुंब आयडी 8 अंकी आणि समग्र सदस्य आयडी 9 अंकी. घोळ होतो तो इथेच, कारण आयुष्मानचा पीएम-जेएवाय (प्रधानमंत्री जन आरोग्य योजना) आयडीसुद्धा नऊच जागांचा असतो. फरक एवढाच की त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. नऊच्या नऊ आकडेच असतील तर तो समग्र समजा. आभा हे तपासण्यांचे कागद एकत्र ठेवण्याचं खातं. ते कुणीही काढू शकतं आणि त्यावर उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. ग्राहकाला हे त्याच दिवशी स्पष्ट सांगा. घरात आभा आहे म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं रुग्ण भरती करताना हवालदिल होतात, ते बघवत नाही.

हा नंबर नुसता मागून मिळत नाही, कुटुंब आधीपासून यादीत असावं लागतं. ते 2011च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतून आलेलं असेल, नाहीतर आपल्या राज्यात संबल कार्ड (असंघटित मजुरांचं) किंवा रेशनची पात्रता पर्ची असलेलं. लाभार्थी पोर्टलवर किंवा आयुष्मान ॲपवर मोबाइलच्या ओटीपीने लॉगिन करा, योजना पीएम-जेएवाय, राज्य मध्य प्रदेश, जिल्हा इंदूर निवडा. पहिल्यांदा आधारने शोधा. नाव आलं नाही तर लगेच ‘तुम्ही अपात्र’ म्हणू नका. जुन्या नोंदींना पुष्कळदा आधार जोडलेलंच नसतं. समग्र कुटुंब आयडी टाकून पुन्हा बघा. कुटुंब उघडलं की प्रत्येक सदस्याची ई-केवायसी वेगळी करायची. उपचारांचे वर्षाला 5 लाख रुपये सगळ्या घराला मिळून असले, तरी कार्ड आणि नंबर ज्याचा त्याचा.

ई-केवायसी अडकते ती बहुतेक नावापाशी. आपल्या मराठी घरांत तर हे फारच. समग्रमध्ये ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’ आणि पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव. जुन्या पिढीत लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. जुळणी कमी पडली की अर्ज आपोआप मंजूर होत नाही, तपासणीला जातो. म्हणून अशा ग्राहकाची आधी समग्रची ई-केवायसी करा. नावात किंवा जन्मतारखेत तफावत असेल तर नगर निगमाच्या (महापालिकेच्या) झोन कार्यालयाची मंजुरी लागते. बदललेलं नाव समग्रवर दिसल्याशिवाय आयुष्मानला हात लावू नका. आणि मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर कधीही टाकू नका. घाईच्या वेळी तो सोयीचा वाटतो, पण पुढे ग्राहकाला ओटीपी हवा असतो तेव्हा तो येतो तुमच्या खिशात.

प्रश्न : आई 78 वर्षांची आहे. कुटुंब यादीत नाही. बोटांचे ठसे उमटत नाहीत, आधारला मोबाइलही जोडलेला नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे. 70 आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर 2024पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याला यादी लागत नाही, उत्पन्नाची अट नाही. लागतं फक्त आधार, आणि वयही आधारावरचंच धरतात. आईंना सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती योजना किंवा हे कार्ड, यांतलं एक निवडावं लागेल. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) असेल तरी हे घेता येतं.

काम करून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. हात धुऊन, बोट जरा ओलसर ठेवून दुसरं बोट लावून पाहा. तरीही नाही जमलं तर डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा चेहऱ्याचा पर्याय निवडा. चेहऱ्यासाठी त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा. उजेड पाठीमागून आला तर फोटो काळा येतो. मोबाइल जोडायला त्यांना बाहेर नेणं शक्य नसेल तर डाकघरात सांगा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन ते काम करतो.

प्रश्न : सून नाशिकची. तिचं नाव आमच्या कार्डात कसं येईल?

उत्तर : महाराष्ट्रात समग्र नाही, त्यामुळे तिचा आयडीच नसेल. आधी तिला तुमच्या समग्र कुटुंबात नवी सदस्य म्हणून घाला, तेही आधारवर आज जे नाव आहे त्याच नावाने. आधारवर नाव बदलायचं ठरलं असेल तर ते काम पहिलं उरका. काही अडलं तर 14555 वर फोन करा.