‘पाहिजे’मध्ये पाहतं कोण?

अमळनेरच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: ‘खरे बोलावे’ आणि ‘खरे बोलले पाहिजे’, यांपैकी देवाची आज्ञा कशात अधिक? आणि देव मानला नाही तर दोन्ही वाक्यं पोकळ होतात का? प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलेल्या गावाला प्रश्न शोभतो.

आधी एक ठणकावून सांगतो. ‘पाहिजेल’ असा शब्द नाही. हल्ली जळगाव-धुळ्यातही शिकल्यासवरल्यांच्या तोंडी तो सर्रास ऐकतो आणि दरवेळी चिडतो. ‘पाहिजे’ हे मुळात जुनं कर्मणी रूप. ज्ञानेश्वरीत ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘बोलिजे’ म्हणजे बोलले जाते. तसंच पाहिजे, पाहिले जाते. (आपलं ‘म्हणजे’सुद्धा याच घरातलं, ‘म्हणिजे’ आटून झालेलं.) त्याला भविष्यकाळाचा ‘ल’ कशाला चिकटवायचा? इथे पाहणे म्हणजे शोधणे. मुलीला स्थळ पाहतो, भाड्याने खोली पाहतो, तेच हे पाहणे. नवापूरकडच्यांच्या कानावर गुजराती ‘जोइए’ असतंच. तेही ‘जोवुं’चं, म्हणजे पाहण्याचंच, कर्मणी रूप! दोन शेजारणींनी गरज सांगायला एकच क्रियापद धरावं, याहून सुंदर काय?

तेव्हा ‘खरे बोलले पाहिजे’ म्हणजे खरं बोलणं शोधलं जातं. कोण शोधतं? देव, गाव, आपलंच मन. व्याकरणाने ती जागा मोकळी सोडलीय. ‘बोलावे’तही हुकूम सोडणारा कुणी नाही. तो ‘-वे’ म्हणजे संस्कृत ‘-तव्य’ प्रत्यय. ‘कर्तव्य’ झिजूनच ‘करावे’ झालं.

म्हणून ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्सकम यांच्याशी माझं भांडण आहे. १९५८ च्या निबंधात त्या म्हणतात, नैतिक कर्तव्याची भाषा ईश्वरी कायद्याच्या कल्पनेतून आली; कायदा देणाराच मानला नाही, तर ती भाषा नुसती मागे उरते. युरोपापुरतं असेलही. पण आमच्या मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या तत्त्वज्ञांचं, काय? जैमिनी धर्माची व्याख्याच ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’ अशी करतो, म्हणजे विधिवाक्यातून, ‘अमुक करावं’ सांगणाऱ्या वेदवाक्यातून, कळतो तो धर्म. तरी वेद अपौरुषेय, म्हणजे कुणीच न रचलेले; विधी सांगणारा कुणी नाहीच! मग ‘यजेत’ (यज्ञ करावा) ऐकून माणूस यज्ञाला का लागतो? कुमारिलभट्ट म्हणतात, प्रेरणा ‘यजेत’मधल्या त्या विध्यर्थी प्रत्ययातच आहे. मंडनमिश्र म्हणतात, विधी एवढंच कळवतो की याने तुझं इष्ट साधेल. मला मंडनमिश्र पटतात, कारण इष्टाचा शोध ‘पाहिजे’च्या धातूतच आहे.