अंगठी बसेना, चप्पलचा नंबर वाढला, हे वजनामुळेच का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४४. तीन-चार वर्षांत लग्नातली अंगठी बोटात जाईनाशी झाली, चप्पल ६ नंबरची लागायची ती आता ८ ची लागते. घोरणं वाढलंय, घाम खूप येतो, रात्री हातांना मुंग्या येतात, आणि आता शुगरही निघाली. थायरॉइड नॉर्मल आहे. सगळे म्हणतात वजन वाढलंय म्हणून, पण वजन तर फक्त ३ किलो वाढलंय!

उत्तर: ताई, ३ किलोनं चप्पलचे दोन नंबर वाढत नाहीत हो, तुमची शंका बरोबर आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही जे जे लिहिलंय ते एकत्र ठेवलं की अॅक्रोमेगली, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन जास्त झाल्यामुळे होणारा आजार, तपासायलाच हवी असं वाटतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली (ही जवळजवळ नेहमीच कॅन्सरची नसते, आधी घाबरू नका) की ग्रोथ हॉर्मोन जास्त सुटतं. लहान वयात असं झालं तर उंची बेसुमार वाढते, मोठेपणी हाडांची टोकं जुळलेली असतात म्हणून उंची तीच राहते आणि हात, पाय, जबडा, नाक, जीभ हे वाढत जातं. हे इतकं हळू होतं की रोज आरशात बघणाऱ्याला आणि घरच्यांना कळतच नाही, घोरण्यासाठी एक डॉक्टर, मुंग्यांसाठी दुसरा, शुगरसाठी तिसरा असं करत वर्षं निघून जातात. म्हणून दहा वर्षांपूर्वीचे फोटो काढा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. खरंच, फोटो बघून फार मदत होते.

टेस्ट कुठली, तर आयजीएफ-१ ही रक्ताची (ग्रोथ हॉर्मोनमुळे शरीरात तयार होणारा आणि दिवसभर फारसा न बदलणारा हा घटक). ग्रोथ हॉर्मोन दिवसभर वर-खाली होत असतं, त्यामुळे कधीही रक्त काढून नुसतं तेवढंच मोजलं तर काही कळत नाही. आयजीएफ-१ वयाच्या मानाने जास्त आलं तर सहसा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास ग्रोथ हॉर्मोन बघतात, एरवी ते साखरेनं खाली यायला हवं, इथे येत नाही. मग पिट्युटरीचा एमआरआय. हे सगळं एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांकडेच करा. आणि डोकं दुखत असेल किंवा बाजूचं दिसणं कमी झालं असेल, म्हणजे चालताना दाराच्या चौकटीला धडकणं वगैरे, तर थांबूच नका, गाठ नजरेच्या नसांवर दाबत असू शकते.

गाठ निघालीच तर बहुतेकदा नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन करतात, कवटी उघडावी लागत नाही. गाठ मोठी असेल आणि पूर्ण निघाली नाही तर ग्रोथ हॉर्मोन कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं साधारण महिन्याला एक इंजेक्शन असतं, काहींना कॅबर्गोलिनच्या गोळ्या चालतात, कधी रेडिएशन. हॉर्मोन ताब्यात आलं की घाम कमी होतो, सूज उतरते, शुगर-बीपीही बऱ्याचदा सुधारतं. वाढलेलं हाड मात्र मागे जात नाही, त्यामुळे अंगठी कदाचित परत बसेल, पण चप्पल ६ नंबरची होईल असं काही मी सांगणार नाही.