‘आईला सांगू नका, ती खचेल’

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. गेल्या वर्षी एक भाऊ-बहीण आले. आईच्या किडन्या निकामी होत आलेल्या. डायलिसिससाठी हातात फिस्टुला, म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून धमनी आणि शीर यांची जोडणी, करायचं ठरलेलं, आणि आईला सांगितलेलं, “छोटं ऑपरेशन आहे, सूज उतरेल.”

“कळलं तर काय होईल?” मी विचारलं.

“रडेल.”

“आणि मग?”

मुलगा थांबला. “मग... विचारेल, रोज जायचं का म्हणून.”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या पठडीतली. ‘खचेल’ या शब्दाच्या पोटात नेमकं काय आहे ते बाहेर काढायला लावते. बहुतेकदा एवढंच निघतं.

पुढच्या खेपेला आई आल्या. “मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी सांगितलं. पोरं घाबरलीत, म्हणून विचारलं नाही.” मग मुलाला म्हणाल्या, “हात कुठला घेणार?”

“डावा. तू सगळं उजव्यानंच करतेस ना.”

फिस्टुला शक्यतो कमी वापरातल्या हातात करतात. त्या हाताने जड उचलायचं नसतं, त्यावर बीपीही मोजायचं नसतं. आईंनी पदराखालून डावा हात काढला. बोटाच्या टोकाला सुईने पडलेला घट्टा होता. “शाळेत मारून मारून उजव्याने लिहायला लावलं. गोधड्या मात्र याच हाताने शिवते. तुझीसुद्धा.”

“हो की रे,” मुलगी पुटपुटली. फॉर्म भरताना तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही मला तो घट्टा सुचला नसता. मी फक्त त्यांना खोलीत बोलावलं होतं. तेवढं मात्र बरोबर केलं.

म्हणून येणाऱ्यांना सांगते: आधी ‘तुम्हाला काय माहीत आहे?’ हे विचारा, मग सांगा. डॉक्टरांसमोरची खुर्ची पेशंटला द्या, तुम्ही बाजूला बसा. सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाच्या वतीने नातेवाइकाची सही चालत नाही. समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2008 सालीच हे सांगितलंय. पेशंटच्या आईने दिलेली संमतीही तिथे ग्राह्य धरली नव्हती.

आईंनी डॉक्टरांना स्वतः विचारलं. उजव्या हाताच्या शिरा तपासल्या, चालण्यासारख्या निघाल्या. घरच्या घरी पोटातून करायच्या डायलिसिसची चौकशी करून त्यांनी तो नाकारला: “रोज घरात तेच नको.” सेंटरवर आठवड्यातून 3 दिवस, 4-4 तास. पाळी सकाळची मागून घेतली. दुपारी खिडकीशी उजेड चांगला असतो, शिवायला.