सामाईक डिजिटल भांडार: आधी दाखल नोंदवही, मग सॉफ्टवेअर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या चार महाविद्यालयांचे समाजशास्त्र व इतिहास विभाग मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, सर्वेक्षणांचा डेटा, जुने अहवाल आणि फोटो एकाच गूगल ड्राइव्हवर ठेवतात. आता तिथे कुणालाच काही सापडत नाही. डीस्पेस हे डिजिटल भांडाराचं सॉफ्टवेअर बसवावं का?

आत्ताच नको. डीस्पेस उत्तम आहे, पण सातव्या आवृत्तीपासून जावा, पोस्टग्रेस हा डेटाबेस, सोलर हे शोधयंत्र आणि अँग्युलरमध्ये लिहिलेला वेगळा दर्शनी भाग, एवढं सगळं चालतं ठेवावं लागतं. त्यासाठी सर्व्हर सांभाळणारं कायमचं माणूस हवं. आणि तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. वस्तू आत येते, पण तिची नोंद होत नाही, ही अडचण आहे. ग्रंथालयात दाखल अंक पडल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही. इथेही तोच नियम लावा: दाखल अंक नाही, तर फाइल भांडारात नाही.

पहिलं काम मालकीचं. साध्या ड्राइव्हमध्ये सामाईक फोल्डरात टाकलेली फाइलसुद्धा ज्याने टाकली त्याच्याच खात्याची असते. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सत्र संपलं की जातात, संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन जातात, महाविद्यालय त्यांचं खातं बंद करतं आणि त्यांच्या फाइलीही जातात. यावर इलाज म्हणजे संस्थेच्या गूगल वर्कस्पेस (संस्थांसाठीची गूगल सेवा) खात्यातला 'शेअर्ड ड्राइव्ह'. तिथे फाइल संस्थेची होते. 'मॅनेजर' हा अधिकार दोनच जणांना द्या, तेही दोन वेगळ्या महाविद्यालयांतल्या कायम नोकरीतल्या माणसांना. बाकी सगळे 'कॉन्ट्रिब्यूटर'. कॉन्ट्रिब्यूटरला फाइल टाकता येते, बदलता येते, पण काढता किंवा हलवता येत नाही. निम्मा गोंधळ इथेच थांबतो.

मग 'आवक' नावाचा एकच फोल्डर करा. सगळे तिथेच टाकतील. प्रत्येक महाविद्यालयाचा एक जबाबदार माणूस आठवड्यातून एकदा आवक बघेल, नोंद करेल, नाव देईल आणि मगच फाइल मूळ जागी हलवेल. हलवण्यासाठी या चौघांना 'कंटेंट मॅनेजर'चा अधिकार लागेल. नोंद अर्धवट असेल तर फाइल आवकमध्येच राहू द्या. नोंद कोणी पूर्ण करायची, तर ज्याने फाइल टाकली त्याने. जबाबदार माणसाने अंदाजाने रकाने भरू नयेत. अंदाजाने भरलेलं गाव आणि तारीख पुढे कुणी तपासत नाही, आणि तेच शोधनिबंधात छापून येतं.

नोंदवहीला, म्हणजे एक्सेलच्या तक्त्याला, 'डब्लिन कोअर' या वस्तूंच्या वर्णनाच्या मानकाचे पंधरा घटक (शीर्षक, कर्ता, तारीख वगैरे) पाया म्हणून पुरेत. खानदेशासाठी त्यात स्थळाचे रकाने वाढवावे लागतात, आणि इथे घाई करू नका. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० मध्ये त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे शहाद्याचा १९५५ चा कागद 'पश्चिम खानदेश' म्हणेल, १९८५ चा 'धुळे' आणि आजचा 'नंदुरबार'. म्हणून दोन रकाने ठेवा: 'कागदावरचं स्थळ' जसंच्या तसं आणि 'आजचं स्थळ' ठरलेल्या यादीतून. यादीत अमळनेर-अंमळनेर, यावल-यावळ, धुळे-धुलिया अशा प्रत्येक जोडीतलं एकच रूप निवडा आणि बाकीची त्याच्यासमोर पर्याय म्हणून लिहा. अक्राणी तालुका आणि त्याचं ठाणं धडगाव यांची सांगड याच यादीत घाला. नुसतं गावाचं नाव पुरत नाही, कारण पिंप्री आणि वडगाव तालुक्या-तालुक्यात आहेत. जनगणना २०११ चा सहा आकडी गाव-संकेतांक लिहिला की वाद मिटतो.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, चार आकडी वर्षाने लिहा आणि तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर एक्सेल '१/४/२७' हे १९२७ ऐवजी २०२७ धरतं, आणि १९०० च्या आधीच्या तारखा त्याला तारखा म्हणून कळतच नाहीत. शके असेल तर मूळ शके ठेवून शेजारी इसवी सन लिहा: चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. नोंदवही सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) उतरवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि फाइल बंद केल्यावर मजकूर परत मिळत नाही.

फाइलीचं नाव मात्र देवनागरीत ठेवू नका. हे सांगताना वाईट वाटतं, पण कारण तांत्रिक आहे. यूटीएफ-८ या संगणकी अक्षर-संकेतात देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना-मात्राही त्यातच मोजायचे. झिप उलगडताना नावं विस्कटतात ती वेगळीच. नाव रोमन अक्षरांत, जागा न सोडता ठेवा: जिल्ह्याची तीन अक्षरं, वर्ष, दाखल अंक, भाग क्रमांक. 'अंतिम', 'नवीन', 'अंतिम-२' असले शब्द नावात नकोत, त्याऐवजी 'व्ही०१', 'व्ही०२'. मराठी शीर्षक नोंदवहीत पूर्ण आणि व्यवस्थित येऊ द्या.

आता शोधाविषयी. बहुतेक भांडारं इथेच मार खातात. अहिराणी मुलाखतीच्या लिप्यंतरात 'ऱ्हायना' पानोपानी येतो. त्यातला 'ऱ्ह' संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो: एकात स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे 'झेडडब्ल्यूजे'. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक टाइप केला तर दुसरा सापडेलच असं नाही. तिसरी तऱ्हा 'र'खाली नुक्ता देण्याची. तिला युनिकोडचं 'एनएफसी' सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया) 'ऱ'मध्ये बदलतं, पण जोडकवाल्या रूपाला ते हात लावत नाही. तीच गत 'ॲडव्होकेट'ची: एकसंध 'ॲ' वेगळा, 'अ'वर चंद्र दिलेला वेगळा, आणि एनएफसी इथेही मदत करत नाही. म्हणून प्रत्येकाचं एकच रूप ठरवा आणि फाइल आवकमधून बाहेर काढताना 'शोधा व बदला' चालवा. एका फाइलीला फार तर दोन मिनिटं लागतात. शब्द मात्र प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. बोली हाच तिथला डेटा आहे. भाषेच्या रकान्यात सरसकट 'मराठी' लिहू नका. अहिराणीला आयएसओ ६३९-३ या भाषा-संकेतांच्या मानकात स्वतःचा 'ए-एच-आर' हा संकेत आहे, भिलीला 'बी-एच-बी', मावचीला 'एम-के-ई'.

श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या फॉण्टांतल्या फाइली वेगळ्या काढा. फॉण्ट नसलेल्या संगणकावर त्या रोमन अक्षरांचा कचरा दिसतात आणि शोधात कधीच येत नाहीत. युनिकोडमध्ये बदला, पण मूळ फाइल आणि तिचं पीडीएफही ठेवा. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं छापील प्रतीशी ताडून बघा, चुका तिथेच होतात. स्वच्छ छापील मराठीवर टेसरॅक्ट हे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चांगलं चालतं. मोडी हस्तलिखितावर ते चालवू नका, मोडी वाचता येणाऱ्याकडून तीन-चार ओळींचं वर्णन लिहून घ्या.

स्कॅन ३०० डीपीआय, रंगीत, दाबलेलं नसलेलं टिफ. एक ए-४ पान साधारण २६ एमबी होतं, म्हणजे दोनशे पानी अहवाल पाच जीबीच्या वर. वाचकाला द्यायला वेगळं पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचं पीडीएफ) काढा. मुलाखत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह. तासाला सुमारे ५२० एमबी, म्हणजे साध्या गूगल खात्याचे फुकटचे १५ जीबी एकोणतीस तासांत भरतात. मोबाइलवर एम४ए मध्येच रेकॉर्ड झालं असेल तर तीच मूळ प्रत समजा. ते वेव्हमध्ये बदलून दर्जा वाढत नाही, फक्त जागा जाते. व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती पुसली जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

सर्वेक्षणाचा डेटा एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या फाइलीबरोबर सीएसव्हीतही ठेवा आणि सोबत संकेतसूची व कोरी प्रश्नावली हवीच. 'उत्तर नाही'साठी ९९ वापरलं असेल आणि ते कुठे लिहिलं नसेल, तर वयाची सरासरी बिघडते आणि कारण कुणाला कळत नाही.

संमतीबाबत मी कडक आहे. संमतीपत्राची प्रत नोंदीला जोडा आणि प्रत्येक नोंदीवर प्रवेशाची पातळी लिहा: खुलं, अर्ज केल्यावर, किंवा बंद. पातळी रिकामी असेल तर ती 'बंद' समजायची. नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नसतं. अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर आशा सेविका एकच असते, वनहक्काच्या दाव्यात गट आणि क्षेत्र आलं की माणूस कळतोच. अशा वेळी पाड्याऐवजी तालुका लिहा. खरी नावं आणि टोपणनावं यांची यादी या ड्राइव्हवर ठेवूच नका, ती वेगळ्या जागी, कुलूपबंद. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. स्वामित्वहक्काचंही बघा: लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, सरकारी प्रकाशनाला प्रकाशनापासून साठ वर्षं. त्यामुळे पूर्व-पश्चिम खानदेशाच्या काळातले छापील सरकारी अहवाल तुम्ही निर्धास्तपणे खुले करू शकता. हा मोठा ठेवा आहे, खुलं करायची सुरुवात त्यानेच करा.

ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. एकाने काढलेली फाइल सगळ्यांकडून जाते आणि कचऱ्याच्या पेटीतून तीस दिवसांनी कायमची. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक डिस्क जळगावला असेल तर दुसरी धुळ्याला किंवा नंदुरबारला ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून डिस्क पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात नको. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा (फाइलीवरून निघणारा संकेतांक, फाइल जराही बदलली की तो बदलतो) दाखल करतानाच नोंदवहीत लिहा. विंडोजमधली 'सर्टयुटिल' आज्ञा तो काढून देते. दर सहा महिन्यांनी डिस्कवरच्या फाइलींचे ठसे पुन्हा काढून ताडा. जुळला नाही तर ती प्रत बिघडली, दुसऱ्या गावची आणा.

खुल्या संचांसाठी झेनोडो हे ऑनलाइन भांडार वापरा. ते सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते, फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं आणि डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो. नोंदवही अशी नीट असेल तर पुढे डीस्पेसमध्ये जाणं सोपं असतं, कारण तिथे सीएसव्हीतून नोंदी एकगठ्ठा भरता येतात.

राहिला आजचा पसारा. तो आवरायला बसू नका. जुना फोल्डर आहे तसा दोन डिस्कांवर उतरवा, सगळ्यांसाठी 'फक्त वाचा' करा आणि एक तारीख ठरवून तिथून पुढचं सगळं आवकमधूनच घ्या. मग जुन्यातलं उचला, पण धोक्याच्या क्रमाने: आधी ज्यांच्या मूळ मुलाखती फक्त कुणाच्या तरी फोनवर आहेत त्या, मग निघून गेलेल्यांच्या खात्यातल्या फाइली, मग जुन्या फॉण्टांतल्या. छापील अहवालांचे स्कॅन सगळ्यात शेवटी, त्यांचा कागद अजून कपाटात आहे.