१९ लिटर अंबर एलमध्ये मिरच्या किती, कशा आणि कधी टाकायच्या?

तुमची अंबर एल, म्हणजे तांबूस रंगाची बिअर, घनतेच्या मापावर १.०५० वरून १.०१२ वर आली आहे, दोन दिवस आकडा हलला नाही, आणि आता फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, हाबानेरो ही अतितिखट मिरची चिरून टाकायच्या विचारात आहात. सहा टाकू की दहा, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर : एकही नको. निदान अशी चिरून, थेट तर नकोच. बाटल्या भरायचं चार-पाच दिवस पुढे ढकला आणि तिखटपणा बाहेर, वेगळ्या बाटलीत तयार करा.

मी पहिल्यांदा मिरचीची बिअर केली तेव्हा तुम्ही म्हणता तेच केलं होतं. आठ हाबानेरो, बियांसकट, १९ लिटरमध्ये. दुसऱ्या दिवशी चाखली तर काहीच लागेना, म्हणून आठवडाभर तशीच राहू दिली. पहिला घोट सुरेख होता, फळासारखा वास, मागे थोडी ऊब. तिसऱ्या घोटाला घसा धरला. अर्ध्या ग्लासापुढे कुणालाही जाता आलं नाही, आणि अशा पन्नासेक बाटल्या भरून ठेवलेल्या. एकदा उतरलेला तिखटपणा बिअरमधून काढता येत नाही. म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

मिरच्या मोजून अंदाज बांधता येत नाही, खरी अडचण तिथे आहे. हालापेन्यो मिरची स्कोव्हिल या तिखटपणाच्या मापावर २,५०० ते ८,००० मध्ये कुठेही असू शकते, हाबानेरो एक लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत. म्हणजे एकाच नावाच्या दोन मिरच्यांत तिपटीचा फरक. हे माप विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये काढलं, तेही चाखूनच : मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पातळ करावा लागला ते नोंदवायचं. तुम्हाला तेच उलट्या दिशेने करायचं आहे. साध्या बिअरपासून सुरू करून अर्क वाढवत जायचा.

अर्क असा करा. दहा ग्रॅम सुक्या मिरच्या घ्या. अंबर एलच्या कॅरॅमल माल्टला (मोड आणून भाजलेल्या गोडसर धान्याला) धुरावर सुकवलेली हालापेन्यो, म्हणजे चिपोतले, फार छान जुळते. हाबानेरोच हवी असेल तर सुकी हाबानेरो दोन ग्रॅम पुरे. देठ काढा, बिया झटका. बिया तिखट असतात असं सगळे म्हणतात, पण कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या भागात. तो भाग किती ठेवायचा हे तुमच्या हातात आहे. तुकडे काचेच्या बरणीत घालून वर १०० मिली व्होडका ओता आणि झाकण घट्ट लावून तीन ते पाच दिवस ठेवा, रोज एकदा हलवा. कॅप्सायसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, अल्कोहोलमध्ये सहज उतरतं. शिवाय मिरचीवरचे बहुतेक जंतूही व्होडकातच मरतात. शेवटी कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळून घ्या. हातमोजे घाला, आणि हे करताना डोळ्याला हात लावू नका.

आता चाखणं. यात घाई केली तर बाकीची मेहनत वाया जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फर्मेंटरमधून लिटरभर बिअर काढा, चार पेल्यांत २००-२०० मिली ओता. सुई नसलेल्या सिरिंजने पहिल्यात ०.२ मिली अर्क, दुसऱ्यात ०.४, तिसऱ्यात ०.६, चौथ्यात ०.८. उरलेली २०० मिली साधी ठेवा, तुलनेला. चाखायचं सौम्याकडून तिखटाकडे. उलटं केलंत तर पहिल्याच पेल्याला जीभ बधिर होते आणि पुढचं सगळं फसवं लागतं. एक घोट गिळून पूर्ण मिनिटभर थांबा, कारण माल्टचा गोडवा आधी येतो आणि जळजळ मागून चढते. दोन पेल्यांच्या मध्ये दहा मिनिटं आणि थोडं दूध. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून घेतं, पाण्याने ते तोंडभर पसरतं.

समजा तुम्हाला ०.४ आणि ०.६ च्या मधलं बरं वाटलं, म्हणजे २०० मिलीला ०.५. लिटरला २.५ मिली झाले, आणि उरलेल्या १८ लिटरला ४५. यातला पाऊण भागच वापरा, ३४ मिलीच्या आसपास. हा पाऊण हिस्सा मी उगाच सांगत नाही. कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चिकटतं त्याचं मूळ काम उष्णता ओळखण्याचं, साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढची, म्हणून तर आपल्याला तोंड भाजल्यासारखं वाटतं. अल्कोहोल त्याच ग्राहीला आणखी हळवं करतं. वर बिअरमध्ये गॅस भरला की त्याची स्वतःची चुणचुण असते. तुम्ही चाखताय ती बिअर अजून सपाट आहे, बाटलीतली तशी नसणार. आणि पेल्यातून एक घोट घेणं वेगळं, अख्खा ग्लास संपवणं वेगळं. जळजळ घोटागणिक साठत जाते. माझ्या मते चांगल्या मिरचीच्या बिअरची कसोटी एकच : पहिला ग्लास संपल्यावर दुसरा भरावासा वाटतो का.

एवढ्या अर्काने अल्कोहोल किती वाढेल ही शंका मनात आली असेल तर, ३४ मिली व्होडकाने १८ लिटरमध्ये ०.१ टक्काही फरक पडत नाही.

अर्कातून तिखटपणा आणि सुक्या मिरचीचा वास येतो, ताज्या मिरचीची गरयुक्त चव मात्र येत नाही. ती हवी असेल तर एका मिरचीकडून चव घ्या आणि दुसरीकडून जाळ. चवीसाठी पोब्लानो घ्या, स्कोव्हिलवर १,००० ते १,५००, जवळजवळ सौम्यच. चार मोठ्या पोब्लानो थेट आचेवर सगळीकडून काळ्या पडेपर्यंत भाजा, लगेच भांड्यात झाकून पंधरा मिनिटं ठेवा. वाफेने साल सुटते, बोटांनी ओढली की आख्खी पट्टी निघून येते आणि खाली मऊ, ऑलिव्ह रंगाचा गर दिसतो. कच्च्या मिरचीचा तो हिरवा, गवतासारखा उग्र वास भाजल्याने बराच मागे जातो. बिअरमध्ये तो वास मला अजिबात आवडत नाही. बिया काढून गर थोड्या व्होडकात बुडवून ठेवा आणि उकळून घेतलेल्या मलमलच्या पिशवीत बांधून फर्मेंटरमध्ये सोडा. तीन दिवस, रोज चाखून. हे अर्काची चाचणी घेण्याआधी उरकायचं, कारण पोब्लानोचाही थोडा तिखटपणा येतोच.

बाटलीत अख्खी मिरची उभी करून ठेवण्याचा मोह होईल, दिसायला ती सुंदर दिसते. करू नका. प्रत्येक बाटली वेगळी तिखट होते, मिरचीवरचे जंतू आत शिरतात, तिच्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागतं, आणि उघडताना फेस उसळतो. जंतूंनी उरलेली माल्टची साखरही खायला घेतली तर बाटली फुटू शकते.

फेसाबद्दल एक : मिरचीतलं तेल फेस मारतं. गाळलेला अर्क वापरल्याने हा त्रास बराच कमी होतो, पण बरणीत वर तेलाचा तवंग दिसला तर तो टिपून घ्या. पुढच्या खेपेला धान्यात थोडा गहू घातलात तर फेस आणखी टिकेल. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडवटपणाही २०-२५ आयबीयूच्या (हे कडवटपणाचं एकक) वर नेऊ नका. कडू आणि तिखट दोन्ही घोटाच्या शेवटीच येतात आणि एकत्र आले की तोंडात नुसता राग उरतो. तुमच्या अंबरचा आकडा तुम्ही दिला नाहीत; जास्त असेल तर अर्क आणखी कमी करा.

बाटल्या भरताना प्रायमिंगची, म्हणजे बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून घालायची, साखर नेहमीसारखी, लिटरला सहा ग्रॅम. आणि एक गोष्ट नक्की करा. सगळा अर्क एकदम ओतण्याऐवजी आधी दहा-बारा बाटल्या साध्या भरून घ्या, मग उरलेल्या बिअरमध्ये अर्क मिसळा, अर्थात जेवढे लिटर उरले त्या हिशेबाने. टोपणांवर खूण करायला विसरू नका. दोन आठवडे १८-२० अंशांवर ठेवून एक मिरचीची बाटली थंड करून उघडा. थंड असताना ती सौम्य लागेल, ग्लासात कोमट होत गेली की चढेल, तेव्हा मत शेवटच्या घोटाला बनवा. जास्त वाटली तर साध्या बाटल्या आहेतच, ग्लासात निम्मी-निम्मी ओता.